कणसरी बँडचे पाच शर्ट

१२ नोव्हेंबर २०१८, सोमवार

लेक शितलने दिलेली ही डायरी दोन वर्षं कपाटात कोरी पडली होती. आज काढली, कारण बँडांची नावं डोक्यात मावेनाशी झालीत. तुळशीचं लग्न तोंडावर आलं की डहाणूपासून तलासरीपर्यंत पाड्यापाड्यातून नवे बँड उगवतात, आणि उगवला की बँड पहिला माझ्याकडे येतो. वाद्य उसनं चालतं, गाडी भाड्याची चालते, पण शर्ट स्वतःचे आणि सगळ्यांचे सारखे लागतात. मसोलीत शिंपी पुष्कळ आहेत. ढोलवाल्याच्या काखेत जास्तीचा तुकडा घालावा लागतो, नाही तर पहिल्याच वरातीत शिवण उसवते, हे मात्र फक्त मला ठाऊक.

यंदा आत्तापर्यंत तीन झाले. आशागडचा नवतरुण बँड: ढोल एक नंबर, गाणारा ओरडतो. आमच्या मसोलीचा स्टार म्युझिकल: लाइट फार, गाणं कमी. आणि आज आला तो कणसरी बँड, धुंदलवाडीच्या पुढे खडकीपाड्याचा. उमेश म्हणून पोरगा त्यांचा म्होरक्या, बोलायला चुणचुणीत. सोबत बायको होती, दक्षा. तोंड उघडेल तर शपथ. पाच शर्ट सांगितलेत, मोरपंखी रंग, खिशावर भाताचं कणीस. कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी.

उमेश बोलत होता तेवढा वेळ ती माझ्या कापायच्या टेबलावर दोन्ही हातांची बोटं आपटत होती. "पोरी, कापड सरकतंय," म्हटलं, तशी हात ओढून घेतले. नवी माणसं बघून घाबरली असेल.

त्यांच्याकडे परवापासून जमीन हलते म्हणे. कुठे तरी सुरुंग लावत असतील.

२५ नोव्हेंबर, रविवार

ज्याचे शर्ट शिवले त्याला एकदा तरी जाऊन ऐकायचं, हा माझा नेम. ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, घरात विचारणारं कोणी नाही. रविवारी दुकान बंद केलं की मी मोकळी. आज तलासरीच्या अलीकडे एका हळदीला गेले, दुपारची होती.

तीस वर्षं मी या भागातले बँड ऐकतेय, पण असं ऐकलं नव्हतं. पिकअप गाडीवर स्पीकरची भिंत, पुढे पाच पोरं माझ्या शर्टांत. ढोलावर लाहू, गायला मनिष, ऑक्टोपॅडवर उमेश, झांजा आणि ताशाला आणखी दोघं. ते सगळं सगळीकडे असतं. पण त्यांच्या कॅसिओची धून! जुन्या लग्नगाण्याची चाल घेऊन तिला अशी वळवली होती की म्हाताऱ्या बायका पदर खोचून उठल्या.

कॅसिओ गाडीच्या आतल्या बाजूला ठेवलेला, पुढे पडदा. उमेशला विचारलं, "आत कोण वाजवतं रे?"

"कोण नाय मावशी. मशीनमधी भरून ठेवलाय. ऊन लागू नये म्हणून पडदा."

भरलंय बाकी अफलातून. नवरीची आजी नाचता नाचता दमून खाली बसली, तर धूनही तिच्याबरोबर हळू झाली. आजी उठली तशी धून पुन्हा उठली. काय मशिनी निघाल्यात हल्ली!

जेवायच्या वेळी उमेश सहा पानं घेऊन गाडीकडे गेला. पोरं पाच, पण एवढं वाजवल्यावर भूक लागणारच.

कणसरी बँड पुढे जाणार. हे मी आजच्या तारखेला लिहून ठेवते.

५ डिसेंबर, बुधवार

काल धक्का मसोलीतही लागला. टेबलावरची कात्री सरकत सरकत खाली पडली. सुरुंग नाही, भूकंपच आहे. शितलचा विरारहून फोन. "आई, आत्ताच्या आत्ता इकडे ये." म्हटलं, शिवायचं काम पडलंय. ती म्हणाली, काम इथे आणून कर. म्हटलं, मशीन जड आहे.

मशीन खरंच जड आहे.

दुपारी आशागडचं एक कुटुंब आलं. शिवायचं काही नव्हतं, लग्नाला कुठला बँड सांगू म्हणून विचारायला आले होते. हल्ली लोक येतात असे. मी कणसरीचं नाव सांगितलं, माझ्या जबाबदारीवर.

२३ डिसेंबर, रविवार

माझं नाक कापलं गेलं. आशागडला कणसरी बँड वाजला तो रडत वाजला. कॅसिओची एकच धून, तीही लंगडी, पहिलीतलं पोर पाढे म्हणतं तशी. लोक अर्ध्यातून उठून सावलीत बसले. नवरदेवाचा बाप माझ्याकडे बघत होता आणि मी माझ्या चपलेकडे.

उमेश म्हणाला, मशीन बिघडलं. आज दक्षा आली नव्हती, तिला ताप आहे. बायकोच्या काळजीने त्याचं लक्ष नसेल, दुसरं काय. मी त्याला स्पष्ट सांगितलं, "काळजी घरी ठेवून यायचं. लोक काळजी ऐकायला बोलवत नाहीत."

तो मान खाली घालून वायर गुंडाळत राहिला.

८ जानेवारी २०१९, मंगळवार

आमच्या चौकातल्या मंडळाचा वर्धापनदिन एप्रिलमध्ये असतो. दरवर्षी ऑर्केस्ट्रा बाहेरून येतो, वापीहून नाही तर सुरतेहून. मंडळाच्या पोरींचे नाचाचे पोशाख माझ्याकडे असतात. अध्यक्ष प्रवीणभाई मापं ठरवायला आले तेव्हा म्हटलं, "यंदा आपल्या भागातले बँड घ्या. तीन नवे आहेत, मी स्वतः ऐकलेत. लोकांना खुर्चीवर बसून ऐकू दे एकदा."

ते हसले. "निर्मलाबेन, वरातीच्या गाडीवरचा बँड कोण खुर्चीवर बसून ऐकणार? त्याला लोक नाचतात, ऐकत नाहीत."

"तुम्ही कधी ऐकलाय?"

"ऐकायची गरज काय? दिसतंय ना."

मला इतका राग आला की पोशाखांची मापं मी दोनदा चुकीची लिहिली.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दिवसभर धक्के. शाळा सोडल्या. दुपारच्या धक्क्याला भिंतीला माळ्यापासून खिडकीपर्यंत तडा गेला. मी मशीन दारात आणून ठेवलं आणि उंबऱ्यावर बसून शिवलं. शितलचे सात फोन.

३ फेब्रुवारी, रविवार

सगळं नीट लिहिते.

सकाळी उमेशचा फोन आला. लग्नं एकामागून एक पुढे गेली. जी होतायत तिथे सरपंचांनी सांगितलंय, मोठे स्पीकर लावायचे नाहीत. बेस घुमला की लोकांना भूकंप वाटतो आणि पळापळ होते, शिवाय तडे गेलेल्या भिंती आहेत. त्यांचंही बरोबर आहे. उमेशने भाड्याची गाडी परत दिली. म्हणाला, "मावशी, उंबरगावला कंपनीत लागतोय. तुमच्याकडं सगळं बँडवाले येतात. कॅसिओला गिऱ्हाईक बघा."

मी म्हटलं, गिऱ्हाईक बघायचं तर वस्तू बघायला हवी. आणि गेले.

पाडा सगळा घराबाहेर राहतो. शेतात ताडपत्र्या, तंबू, तंबूपुढे चुली. उमेश लाकडं फोडत होता. मला बघून उठला, पण त्याच वेळी पलीकडच्या तंबूतून ती धून आली. हळदीला ऐकलेलीच, फक्त लहान आवाजात.

मी उमेशच्या हातांकडे बघितलं. हातात कुऱ्हाड होती.

तंबूत चिकूच्या दोन क्रेटवर कॅसिओ ठेवलेला आणि त्याच्यापुढे दक्षा बसलेली. डोळे मिटलेले. भोवती सात-आठ पोरं आणि एक म्हातारी. मी किती वेळ उभी होते माहीत नाही. तीन महिने कान मिरवत फिरले. आजीबरोबर हळू होणारी मशीन मला खरी वाटली होती! माझ्या टेबलावर वाजलेली बोटं मी दटावून थांबवली होती. जमिनीने तेव्हा मला गिळलं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

"कुणी शिकवलं?" एवढंच सुचलं.

दक्षाने म्हातारीकडे बोट केलं. "बायजीनं. माझी आजी. धवलेरी हाय ती, आमच्यात लगीन लावते. तिच्यासंगं फिरून गाणी पाठ झाली, मग कॅसिओवर काढली."

"मग पडद्याआड का बसतेस?"

उत्तर उमेशने दिलं. "आधी दुसऱ्यांच्या बँडात वाजवायचो तवा पुढंच बसायची, मावशी. एका वरातीत दोघं पिऊन गाडीवर चढले, तिचा हात धरला. मारामारी झाली. त्यापेक्षा पडदा बरा."

"मीच म्हटलं व्हतं पडदा लावा," दक्षा म्हणाली. "तवा म्हटलं व्हतं."

तेवढ्यात शेजारच्या तंबूतली गंगी आली. तिच्या मुलीचं लग्न येत्या रविवारी. नवऱ्यामुलाकडचे म्हणतायत, धक्के थांबल्यावर करू. गंगी म्हणाली, "धरतरी रोज हालते. मी पोरीला रोज थांबवू? लगीन होणार. उघड्यावर होणार. फक्त वाजवायला कोण नाय."

मी म्हटलं, "वाजवायला हे आहेत की. लहान स्पीकर लावा, बेस काढून टाका."

उमेश म्हणाला, "बेस नाय तर लगीन कसला, मयत वाटेल. आणि गाडी नाय, पडदा कुठं बांधायचा?"

"नाय बांधायचा," दक्षा म्हणाली.

उमेश तिच्याकडे बघतच राहिला. ती घाबरलेली होती. हात मांडीखाली दाबून बसली होती, पण मान वर होती. बायजी म्हणाली, "लगीन बाई लावते. मंग वाजवायला बाई का नको? कोणच्या देवानं सांगितला?"

कॅसिओला गिऱ्हाईक बघायचं राहिलं ते राहिलंच.

७ फेब्रुवारी, गुरुवार

सहावा शर्ट. दक्षा मापाला आली. मी कमरेत बसता शिवते म्हटलं, झालर लावते म्हटलं. तिने डोकं हलवलं. "त्यांच्यासारखाच. खिसा पण." मोरपंखी कापड संपलं होतं. डहाणू रोडच्या चार दुकानांत फिरले, पाचव्यात मिळालं, रंग एक छटा गडद. लांबून कळणार नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

गंगीच्या मुलीचं लग्न झालं.

मांडव खळ्यात, घरांपासून लांब. गाडी नव्हती, म्हणून बँड जमिनीवर. मधोमध दक्षा, क्रेटवर कॅसिओ, दोन्ही बाजूंना तिघं-दोघं. वऱ्हाड आलं ते बघतच राहिलं. नवऱ्यामुलाकडची दोन पोरं फोन काढून तिच्या तोंडासमोर धरायला लागली. लाहूने ढोल गळ्यातून काढला नाही, नुसता पुढे येऊन उभा राहिला. ढोल मोठा आहे. पोरं मागे सरली.

सुरुवात पातळ झाली. बेसची सवय लागलेले कान, लोकांना काही तरी कमी वाटत होतं. कोणी तरी ओरडलं, "आवाज वाढवा!" उमेश घामाघूम. मी मनात म्हटलं, निर्मला, पुन्हा तुझंच नाक. मग दक्षाने बायजीचं गाणं धरलं. बायजी नवरा-नवरीजवळ बसली होती, तिने तिथूनच आवाज दिला. आता एक ओळ बायजीची आणि एक ओळ कॅसिओची. मनिषने गाणं थांबवून माइक बायजीपुढे नेऊन धरला. लोक जवळ सरकले. आवाज वाढवायला कोणी सांगितलं नाही, कारण सगळे गप्प झाले होते. एवढ्या माणसांचं वऱ्हाड गप्प बसून ऐकतंय, हे प्रवीणभाईंनी बघायला हवं होतं.

धक्का आला तेव्हा साधारण चार वाजले असतील. आधी गडगड, मग पायाखालून कोणी चटई ओढावी तसं. मांडवाचे बांबू करकरले, तपेल्यातली डाळ बाहेर उसळली. बायका किंचाळल्या. चार-पाच जणी घरांकडे धावल्या, कोणाला वाटलं पोर आत झोपलंय, कोणाला आणखी काही. मी गंगीचा दंड धरला. खरं तर मलाच धरायला काही तरी हवं होतं.

"घराकडं जाऊ नका!"

हा आवाज मी आधी ऐकलाच नव्हता. दक्षा उभी राहिली होती. "पोरं सगळी हितं हायती! घरात कोण नाय! हितंच उभं राहा!" आणि उभ्या उभ्या तिने कॅसिओवर हात टाकले. क्रेट हलत होते, कॅसिओ हलत होता, सूर कुठेही पडत होते, पण ती थांबली नाही. लाहूने ढोल धरला. मग उमेशने ऑक्टोपॅड. धावलेल्या बायका अर्ध्या वाटेवर थांबल्या. वळल्या.

जमीन थांबली. बँड थांबला नाही. गंगीने पदर खोचला आणि व्याह्यांना म्हणाली, "बघतां काय? नाचा!"

मांडवाला एक बांबू नवा बांधावा लागला. डाळ पुन्हा शिजवली. बाकी लग्न ठरल्याप्रमाणे.

शितलला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, म्हणजे तू कामासाठी थांबली नव्हतीस." काहीतरीच! शर्ट शिवले ते काम नव्हे का?

१८ मार्च, सोमवार

त्या दिवशीचा कोणाच्या तरी फोनवरचा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. स्टेशनजवळच्या रसवाल्याने तो मलाच दाखवला, जणू मी तिथे नव्हतेच. आज प्रवीणभाई दुकानात. स्वतः स्टूल ओढून बसले.

"निर्मलाबेन, ती भूकंपवाली बाई तुमच्या ओळखीची ना? वर्धापनदिनाला आणा. दोन गाणी वाजवेल. ऑर्केस्ट्रा सुरतेचाच, मध्ये हिला घेऊ. लोकांना बघायचंय."

म्हटलं, "तिला नाव आहे. बँडलाही आहे."

"हो, हो. पण सगळा बँड कशाला? तिचं एकटीचं आकर्षण आहे."

मी दक्षाला तिथेच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तिने शांतपणे ऐकलं. "दादा, सहा जणं येऊ. पूर्ण वेळ वाजवू. आशागडचा आणि मसोलीचा बँडपण बोलवा, ते आमच्या आधीपासून हायत. आणि बॅनरवर भूकंप लिहायचा नाय, कणसरी बँड लिहायचा."

प्रवीणभाई म्हणाले, विचार करून कळवतो. दाराशी जाऊन म्हणाले, "चार दिवसांत फार चढली ही."

मी त्यांच्या मंडळाच्या पोशाखांचं कापड फडताळातून काढलं, घडी केली आणि त्यांच्या हातात दिलं. एप्रिलचं मोठं काम गेलं. रात्री भात खाताना थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण थोडंच.

१४ एप्रिल, रविवार

मंडळाकडून काही कळलं नाही. मग आशागडच्या मैदानाशेजारच्या एका चिकूच्या वाडीत आम्हीच जमलो, मालकाला विचारून. नवतरुण, स्टार म्युझिकल, कणसरी. दुपारी तीनपासून ऊन उतरेपर्यंत. खुर्च्या नव्हत्या. लोक झाडांखाली बसले, काही जण झाडांवर. नवतरुणच्या गायकाला मी आधीच सांगितलं होतं, बाळा, माइक असतो तो ओरडायला नसतो. आज तो चांगला गायला. वाडीत शेवटी तिन्ही ढोल एकत्र वाजले, आणि मालकीणबाई धावत येऊन बघून गेल्या, भूकंप तर नाही ना म्हणून.

किती माणसं आली? मोजली नाहीत. जागा पुरली नाही एवढं खरं.

५ मे, रविवार

आज आशागडला लग्न. धक्के आता कमी झालेत, स्पीकरला परवानगी मिळते. उमेशने गाडी पुन्हा घेतली. कॅसिओ गाडीच्या पुढच्या तोंडाशी, दक्षा सगळ्यांना दिसेल अशी.

हळद सुरू झाल्यावर नवरदेवाचा मामा आला. पांढरा शर्ट, सोन्याचं कडं, गावात वजन असलेला माणूस. उमेशला म्हणाला, "बाईला मागं बसव. आमच्यात बरं दिसत नाय. पाव्हणे काय म्हणतील?"

उमेशने मान खाली घातली. मला वाटलं, झालं, हा पुन्हा वायर गुंडाळणार. आणि त्याने खरंच जनरेटर बंद केला. "चला पोरांनो, उतरवा सामान."

मामाला कळेना. "अरे, तिला फक्त मागं..."

"ती मागं बसली की आम्ही सगळंच मागं बसतो, मामा. घरी जाऊन बसतो." आणि स्वतः पहिला स्पीकर खांद्यावर घेतला. लाहूने ढोल गाडीत टाकला. मनिष माइक पुसायला लागला. दक्षा कॅसिओला कापड गुंडाळत होती, घाई न करता.

हळद लागलेला नवरदेव पिवळ्या अंगानेच धावत आला. मागोमाग त्याची आई. तिने काय झालं ते ऐकलं, भावाकडे बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "दादा, लगीन माझ्या पोराचा हाय. तुला बघवत नसंल तर तिकडं तोंड करून बस."

मामा तरातरा निघून गेला. बायकांनी उमेशच्या खांद्यावरचा स्पीकर ओढून खाली घेतला. मी कॅसिओचं कापड सोडायला हात लावला, तर दक्षा म्हणाली, "मावशी, राहू द्या, मी सोडते."

साडेचारला परत सुरू केलं ते दिवस मावळेपर्यंत. मामा रुसून जेवला नाही म्हणतात. मी दोनदा जेवले.